केबिनखालचं रबर

शुक्रवार. सोहारात ऊन चढायच्या आत
पिकअपखाली पाठ टेकली.
सहावा बोल्ट हलेना.
समुद्राचं मीठ आणि अकरा उन्हाळे
आट्यांत गच्च बसलेले.
कुंजुमोननं पाइप आणून पान्याची लांबी वाढवली,
दोघांनी आपापल्या भाषेत शिवी घातली,
तेव्हा करकरत सुटला.

मग जॅक. वर लाकडी फळी,
पत्र्याला पोचा पडू नये म्हणून.
केबिन उचलली दोनच बोटं
आणि चॅसीवरच्या फटीतून
पलीकडची गल्ली दिसली: एक मांजर,
नळाखाली पाय धुणारं कुणीतरी.

जुनं रबर हातात आलं
भेगाळल्या टाचेसारखं.
एवढंसंच मध्ये होतं,
होतं तोवर लोखंड लोखंडाला लागत नव्हतं.
आणि मी गेली दोन वर्षं
रस्त्याला बोल लावत होतो.

नवी बसवली. दार
पहिल्या झटक्यात लागलं,
इतकं हळू, की परत उघडून पाहिलं.

जुन्यांतलं एक, त्यातल्या त्यात बरं,
थरथरणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली सरकवलं.
रात्री खोलीत पहिल्यांदाच
जमीरचं घोरणं ऐकू आलं.