दातखीळ

दंतवैद्य म्हणाला, आ करा.
आल्डिसनं आ केला. आरसा आत घालून तो बराच वेळ गप्प,
मग हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाला,
दाढा झिजल्यात.
रात्री दळता तुम्ही.

काय दळते, असं तिनं विचारलं असतं,
पण तोंडात त्याची दोन बोटं होती.

आइसलँडच्या पश्चिमेला, फ्योर्डच्या टोकाशी नऊशे वस्तीचं गाव.
नोव्हेंबर सरताना सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारी संपता संपता उगवतो.
मधल्या काळात दुपारलाही दिवा लागतो.
आल्डिस मासळीच्या कारखान्यात पाळ्या लावते:
कापायला कोण, बर्फावर कोण,
खिंड बंद झाली तर भरलेले ट्रक कुठे थांबवायचे.
घरी मुलगा आहे, तो ताटातून मान वर काढत नाही.
भावाच्या बोटीचं कर्ज आहे, त्याच्याखाली तिची सही.
भावाशी बोलणं नाही.
आपलेच दात, आपलेच ओठ.

मला कसला ताण, ती म्हणायची.
ताण दोराला असतो, बोट धक्क्याला बांधली की.
माझं आपलं चाललंय.

चाललं होतं ते असं:
फोन वाजायच्या आधी पोटात वाजायचा.
खांदे कानांशी येऊन बसले होते,
थंडीनंच असतील, असं तिला वाटत होतं,
जून उजाडला तरी.

सकाळी साडेसहाला गावच्या तलावाशेजारचं गरम पाण्याचं कुंड.
हवा उणे सात, गळ्यापर्यंत पाणी,
भुवयांवर हिमाची पांढरी बुरशी.
माणसं नेहमीचीच.
ट्रॉलरवरचा म्हातारा खानसामा ह्योरलेफुर,
बर्फ हटवायची गाडी चालवणारी स्टेनवर,
आणि ग्राझिना, पोलंडहून दोन वर्षांसाठी आलेली,
त्याला आता बारा झाली.
बोलायचं ते वाऱ्याबद्दल, कॉड माशाच्या भावाबद्दल.
स्वतःबद्दल बोलू नये अशी पाटी कुठे नव्हती,
पण सगळ्यांनी ती वाचलेली होती.

एका मंगळवारी आल्डिस वाफेकडे बघत म्हणाली,
माझे दात झिजलेत. झोपेत.
पुढे काही तरी होतं, पण दातखीळ बसली.

कुणी काही बोललं नाही.
पंपाची घरघर तेवढी.
मग ह्योरलेफुरनं तोंडातून कवळी काढली,
काठावरच्या बर्फात ठेवली,
आणि बोळक्यानं म्हणाला, माझे तर संपलेच.
एकवीश वर्शं. चाळीश माणशांचं जेवण.
एकदाही करपलं नाही,
आणि एकही दिवश भीतीवाचून गेला नाही.

पहिली हसली ती आल्डिस.
हसता हसता तिची हनुवटी थरथरायला लागली,
तेव्हा सगळे नीट दुसरीकडे बघू लागले,
उठून मात्र कुणी गेलं नाही.

स्टेनवर म्हणाली, मी खिंडीत गाडी थांबवते आणि ओरडते.
इंजिन चालूच ठेवते.
रस्ता उघडायला उशीर झाला की तुम्ही शिव्या घालता ना,
त्यातली पाच मिनिटं ती असतात.

ग्राझिना शेवटपर्यंत गप्प.
कपडे बदलायच्या खोलीत केस पिळत म्हणाली,
गुरुवारची यादी मी करते. तू नुसती तपास.
तुमची नावं मला लिहिता येत नाहीत,
तेवढी दुरुस्त कर.

याने काही मिटलं म्हणाल, तर नाही.
कर्ज तेवढंच आहे. मुलगा परवा एकदा मीठ मागून गेला.
रात्री ती अजून दळते,
फक्त आता मध्ये प्लास्टिकचा एक पातळ तुकडा असतो.
खांदे कुठे आहेत हे कधी कधी तिला कळतं,
कळलं की बोटभर खाली येतात.

फेब्रुवारीत एकदा ती उठलीच नाही.
गजर वाजून थांबला, भिंत तशीच समोर.
सातला दारावर थाप.
बाहेर ह्योरलेफुर, खांद्यावर टॉवेल,
ओल्या केसांचे बर्फाचे खिळे झालेले.
का आली नाहीस, असं त्यानं विचारलं नाही.
चल, म्हणाला, पाणी गार होतंय.

पृथ्वीच्या पोटातून येतं ते पाणी.
गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे,
ते गार होत नाही.

तिनं बूट शोधायला घेतले.