नमुना

शाहूपुरीच्या चौथ्या गल्लीत शटर अजून अर्धंच वर,
आणि भूपाल मगदूम रुमालाची गाठ सोडून
गुळाचं एक ढेकूळ
सरळ स्कॅनरच्या काचेवर ठेवतात.
"ह्यो रंग पाहिजे.
मागच्या खेपेला हळद छापलीसा तुम्ही."

मी ढेकूळ उचलते, रद्दीच्या पानावर ठेवते.
काच चिकट झाली तर मशीन ते विसरत नाही,
दिवसभर प्रत्येक कागदावर तोच डाग
इमानानं उमटवत राहतं.

कागद त्यांचाच. इचलकरंजीहून आणलेला, तपकिरी क्राफ्ट,
अडीचशे जीएसएम म्हणून दिलेला,
बोटांना दोनशे वीस लागतो.
रात्रभर उघडा राहिला, कडेनं वळलाय.
गठ्ठा वाकवते, झटकते, पानापानांत वारा भरते,
उताणा घालते ट्रेमध्ये,
पडद्यावर निवडते : जाड, खरबरीत.

पहिलं पान सुंदर.
नखानं खरवडलं
तर उसाची दोन पेरं निघून नखात आली.

फ्यूजर पाच अंश वर.
आता टोनर बसला, पण कागद पापडासारखा फुगला.
दोन अंश खाली. वेग निम्मा.
मागचा पत्ता दीड मिलिमीटर सरकलेला,
'तालुका करवीर' घडीत अडकून
'का करवीर' एवढंच उरलं होतं.
तेही सरळ केलं.

रंग मात्र येईना.
पिवळा वाढवला, हळद.
मॅजेंटा वाढवला, वीट.
काळा चार टक्के टाकला, काकवी.
प्रत्येक पान मगदूम खिडकीपाशी नेतात,
उन्हात धरतात, ढेकळाशेजारी धरतात,
आणि काही न बोलता परत आणून देतात.
बोलले असते तर बरं झालं असतं.

"पिवळा दिसला की गिऱ्हाईक म्हणतंय, पावडरीचा हाय.
आम्ही पावडर घालत न्हाई.
आमचा सिदू गुळव्या नुस्ता बुडबुडा बघतोय काहिलीतला,
आन् म्हणतोय, उतरवा."

मी पडद्याकडे बघते.
तिथं बुडबुडा नाही. आकडे आहेत, शंभरपैकी किती.

सोळाव्या पानाला दोन कागद एकदम ओढले गेले.
वरचा छापला,
खालचा तसाच कोरा बाहेर आला,
गरम, थोडा वाकलेला,
आणि ट्रेमधून घरंगळून
ढेकळाशेजारी जाऊन पडला.

बराच वेळ मी दोघांकडे बघत राहिले.
मग फाइल उघडली.
गुळाच्या चित्राभोवती रेघ ओढली
आणि आतले चारही रंग शून्य केले.
खाली फक्त एक सावली ठेवली,
ढेकूळ कशावर तरी टेकलंय एवढं कळायला.

सतरावं पान.
भोवती उसाची पात, वर नाव, खाली वजन,
आणि मधोमध काहीच नाही, नुसता कागद.
मगदूमांनी ढेकूळ त्या जागेवर ठेवलं.
कडा कुठं संपते ते शोधावं लागलं.

मी सांगून टाकलं,
पुढच्या रिमचा कागद असाच निघेल
याची खात्री माझी नाही.
"आमचा तरी कुठं निघतोय," ते म्हणाले,
"दर काहिलीला येगळाच."

मग चष्मा कपाळावर चढवून, हिशेबाच्या आवाजात,
"पर ताई, एवढी जागा कोरीच हाय न्हवं?
शाई वाचली तुमची.
तेवढं पैसं कमी करा की."

अडीच हजार पानांवर पंचवीस पैसे सोडले मी.
हात मिळवले नाहीत, मान हलवली.
मशीन चालू केलं,
त्याच्या त्या एकसुरी धापेत
पानामागून पान पडू लागलं.

शेवटी पडताळायला म्हणून नमुना शोधला
तर रद्दीवर ओला गोल डाग आणि तीन मुंग्या.
बिरदेव दारात उभा, हातात तीन कप.
"साखर संपलीया, ताई," म्हणाला.