पाणी उतरल्यावर

निमंत्रणात वेळ नव्हती.
पूर्वा शिवलकरनं एवढंच लिहिलं होतं:
पौर्णिमा, राजिवड्याचा जुना धक्का, पाणी उतरल्यावर.
ज्याला कळलं तो आला.
ज्याला नाही कळलं तो भर दुपारी येऊन
तुडुंब खाडी बघून माघारी गेला.

मी होड्यांवर नावं लिहितो. बत्तीस वर्षं झाली.
नूर-ए-दरिया, जय गांगेश्वर, सी क्वीन,
खाली सरकारी नंबर,
त्याचे पैसे वेगळे.
या पोरांचा मला रागच होता.
झिशान होडेकर रात्री बर्फाच्या कारखान्यावर
फवारा मारून जायचा.
सुजलेली अक्षरं, एकमेकांच्या मांडीवर बसलेली.
विचारलं, काय लिहिलंस?
म्हणाला, माझं नाव.
मग वाचता येईल असं लिही की, मेल्या.
तो हसला. “पेंटरकाका, तुमचं कुठं लिहिलंय?”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मालवणहून रॉयस्टन आला एसटीनं,
रंगाचे डबे फणसाच्या गोणत्यात लपवून.
कंडक्टरनं वास घेतला
आणि फणसाचं अर्धं तिकीट फाडलं.
तिघांनी धक्क्याची भिंत वाटून घेतली,
मग वाटणी मोडली, मग भांडले,
मग एकच शब्द तिघांत लिहायचं ठरलं.
पण आपलं अक्षर टांगायला वर खुंटी लागते.
जांभ्याच्या दगडावर त्यांची रेघ
दर हातभर अडखळायची, दारू प्यायल्यागत.
आले माझ्याकडे. चहा घेऊन आले, तेही सांगायला हवं.

मी होडीच्या बुडाचा तांबडा रंग काढला,
ज्याला कालव चिकटत नाही तो,
आणि ओहोटीत, गुडघाभर चिखलात उभं राहून
एका श्वासात (उगाच खोटं कशाला, सात श्वासांत)
साठ फूट शिरोरेघ ओढली.
दोरी न लावता.
त्यांनी आपापली अक्षरं तिला लटकवली,
दांडीवर जाळी वाळत घालावीत तशी.

तिसऱ्या दिवशी आवडूकाकी आली, हातात कोयती.
“माज्या कालवांवर काय लिवताव रं?”
आम्ही चौघं गप्प.
कुणाची भिंत, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
खरवडून टाकतो, झिशान म्हणाला.
तिनं अक्षरांवरून कोयतीचं टोक फिरवलं,
शिकवणीची बाई पट्टी फिरवते तसं.
“ऱ्हाऊ दे. पन ती तांबडी रेग आनी खाली आनू नको.”

वर्ष गेलं.
भरती दिवसातून दोनदा येऊन बघून जायची.
रेघेवर काही बसलं नाही. अक्षरांवर कालवं बसली.
आवडूकाकीनं ती फोडली, गर वाटीत टाकला,
खालची शिंप मात्र भिंतीलाच राहिली.
झिशानच्या हिरव्यावर, रॉयस्टनच्या जांभळ्यावर
ठिकठिकाणी पांढऱ्या टिकल्या,
दाट कुठं, विरळ कुठं,
जिथं तिचा हात पोचत नव्हता तिथं काहीच नाही.
बत्तीस वर्षांच्या हाताला मी विचारलं,
तुला हे जमलं असतं का?
हातानं खिसा शोधला.

पौर्णिमेला सहा वाजता पाणी तळाला गेलं.
माणसं चपला हातात घेऊन चित्रं बघत होती.
शहरातल्या एका बाईनं विचारलं, हे पांढरं काम कुणाचं?
पूर्वानं दाखवलं: त्या, तिकडे, पदर खोचलेल्या.
आत्ता हाक मारू नका,
पाणी भरायच्या आत त्यांना अजून दोन वाट्या करायच्यात.

मग झिशाननं ब्रश माझ्या हातात दिला.
रेघेच्या शेवटाला वीतभर दगड कोरा ठेवला होता,
वर्षभर, मला न सांगता.

मी ब्रश बुडवला. उभा राहिलो.
खाडी परत फिरली, घोट्याला लागली.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच
या नावाचे पैसे कुणाकडून घ्यायचे
ते मला कळेना.