चार वाट्या पाणी, एक वाटी साखर

ओब्दुलियाबाईंच्या घराला पाटी नाही.
बस पेरूच्या झाडाशी थांबते, आणि ड्रायव्हरच
हनुवटीने वर दाखवतो: तिकडे. निसरडं आहे, जपून.

तीन डॉलर बिस्किटांच्या डब्यात टाकायचे.
सुटे नसतील तर जाताना.
"बसा," त्या म्हणाल्या, "हात तेवढे हलवू नका.
बोललात तरी चालेल.
आपलं बोलणं त्यांच्या खिजगणतीत नाही."

मग कानाशी शिवणयंत्र सुरू झालं.
वळून बघावं तर जागा रिकामी,
डोळ्यांत फक्त उरलेलं हिरवं, जांभळं,
डबक्यावर रॉकेलचा तवंग हलावा तसं.
इथे त्यांना किंदे म्हणतात.
नाव उच्चारून होईपर्यंत पक्षी
दुसऱ्या बाटलीवर.

अकरा बाटल्या. रोज पहाटे चारला उठून
घासून, उकळत्या पाण्यातून काढून.
चार वाट्या पाणी, एक वाटी साखर.
रंग नाही. मध तर नाहीच,
मधाने त्यांच्या जिभेला बुरशी धरते.
आठवड्याला पंचवीस किलो.
"वाणी विचारतो, पुन्हा लग्नबिग्न काढलंत की काय!"

समोरच्या डोंगराचं कुरण सेगुंदोने केलेलं,
त्यांच्या नवऱ्याने. वीस वर्षं, यांत्रिक करवतीने.
एक दिवस करवतीच्या लाल मुठीशी
किंदे आला. फूल समजून.
चोच लावली, थांबला,
पुन्हा लावली.

मी म्हटलं, आणि त्यांनी करवत खाली ठेवली?

"छे हो. उचल घेतली होती लाकडाची.
ते झाड पाडलं. पुढची चारही पाडली.
जेवायला आला तेव्हा मात्र
मूठ काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली.
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
पहिली बाटली टांगली ती गुडघे गेल्यावर,
नऊ वर्षांनी."

धुकं अंगणात आलं, कुंपणापासून सुरुवात करून.
संत्र्याच्या फांदीवर एक किंदे
फुगून, मान आत ओढून, गार.
मेला? मी कुजबुजलो.
"झोपलाय. रात्री ते जवळजवळ विझतात.
उठवू नका, उठायला त्यांना फार खर्च येतो."

निघताना डब्यात पाचाची नोट टाकली.
त्यांनी तो उपडा केला, हलवला,
त्यात माझ्या नोटेखेरीज काही नव्हतं.
"दोन राहिले तुमचे," त्या म्हणाल्या,
"ते न्यायला या."
आणि साखर मोजायला आत गेल्या.