मुक्यांसाठी नियम

एकोणीसशे एकतीस, फेब्रुवारीची सव्वीस.
होळी आठवड्यावर आलेली.
गोवऱ्या चोरणारी पोरं मला बघून पळाली.
कंदील, दौत, काखेत खानेसुमारीचे तक्ते,
मास्तर नाही, फौजदारच वाटलो असेन.

पगार नव्हता. नकाराला दंड होता.
चिकोडीहून आलेला हुकूम सोपा होता:
आज रात्री जो ज्या छपराखाली, तो तिथला.

दारांवर मी गेरूनं घातलेले आकडे
निपाणीच्या पोरांनी महिन्यापूर्वीच पुसले होते.
बहिष्कार, म्हणाले.
पुसा बाबांनो, म्हटलं,
फक्त फडकं शाळेचं आहे, परत आणून द्या.

काशव्वा दारातच उभी.
माझा रामलिंग कुठं लिहिलास?
तो हिंडलग्याच्या तुरुंगात, काकू,
त्याला तिथले मोजतील.
नीट मोजतील न्हवं?
दोन माणसांचं जेवतो. दोन धरतील बघ.

पुढं पायगोंडाचं घर. मातृभाषा?
घरात कन्नड, बाजारात मराठी,
भांडताना जी आधी तोंडात येईल ती.
आतून बायको: म्हशीची बी लिवा की,
ती गोकाकच्या बाजारची,
मराठीत हाक मारली की दूध चोरती.
रकाना बोटभर रुंद. मी एकच लिहिली.

शेवटी तंबाखूची वखार.
नाकात, डोळ्यांत, कंदिलाच्या वातीतही तोच झणका.
ओट्यावर पोत्यात पाय घालून मल्लू,
वय चौदा असेल, मुका, बहिरा, कुणाचा नाही.
सूचनांमध्ये त्याच्यासाठीही एक ओळ होती:
तान्ही मुलं आणि मुके-बहिरे
यांच्यापुढे आईची भाषा लिहावी.

आई तिप्पव्वा, इथंच पानांचे देठ काढायची,
दोन वर्षांपूर्वी पटकीत गेली.

मी जमलेल्यांना विचारलं, ती बोलायची काय?

दस्तगीर म्हणाला, हमारेसे तो हमारीच बोली.
मजुरी मागताना तर फारच साफ.
सोनाबाई म्हणाली, माझ्या जात्याला जोडीला बसायची,
मराठी नाहीतर काय?
मागनं आलेला पायगोंडा म्हणाला,
मरताना नीरू, नीरू म्हणत होती. मी पाजलं.
तू पाजलंस?
सोनाबाई उठूनच उभी राहिली.
तू उंबऱ्याच्या बाहेर नाक दाबून होतास.
मांडीवर डोकं माझ्या होतं. पाणी म्हणाली ती. पाणी.
हे असं, असं धरलं मी तोंडाला,
आणि तिनं ओंजळ तिरकी करून दाखवली.
पायगोंडानं त्याची ओंजळ दाखवली.
दस्तगीरनंही, का कुणास ठाऊक.

मल्लू सगळ्यांच्या हातांकडे बघत होता.
उठला. आत गेला.
भरलेला तांब्या आणून
माझ्या तक्त्यावर ठेवला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग पायगोंडा वरून ओतून प्याला,
सोनाबाई पदरानं तोंड पुसत प्याली,
दस्तगीरनं नुसतेच डोळे धुतले.
मी प्यालो तेव्हा तळाशी थोडं उरलं होतं,
त्याला तंबाखूची चव होती.

बाराला पाव तास कमी. लिहायलाच हवं होतं.
लिहिलं.

पुढं नकाशे आले, टक्के आले,
दोन्हीकडचे वकील माझ्या ओसरीवर बसून गेले.
त्यांना तेवढंच विचारायचं असतं.
पण मला आठवतो तो तपासनीस,
तक्त्यावरच्या गोल डागावर बोट ठेवून,
हे काय?
पाणी, साहेब.
बरं, म्हणाला, आणि सही केली.

मार्चात समेट झाला. सत्याग्रही सुटले.
रामलिंग सांजच्या गाडीनं आला,
काशव्वा त्याच्याभोवती एकदा फिरली,
दंड चाचपले, बरगड्यांवरून हात नेला,
आणि मलाच म्हणाली, मास्तर,
त्यांनी कमी मोजला.