शून्य चार पाच दोन

पहाटे साडेचारला बिबवेवाडीतून निघालो
तेव्हा वॉचमन गेट उघडता उघडता म्हणाला, "दवाखान्यात?"
"मदुराईला," आई म्हणाली
आणि क्लच जरा लवकर सोडला.
गाडी गचका देऊन बंद.
मागे शलाका हसली. मी नाही,
माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा होता
आणि पायाशी शलाकाची बॅग,
नऊ दिवसांसाठी फारच मोठी.

आई गाडी शिकली एकोणसाठाव्या वर्षी,
मार्केट यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी,
कोबीच्या पाल्यावरून घसरत, रिकाम्या हातगाड्यांना वळसे घालत.
शिकवणारा पोरगा म्हणायचा, "मावशी, घाबरू नका."
"घाबरत नाहीये रे,
फक्त तो आरसा कोणाकडे बघतोय ते कळत नाही."

त्याआधी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज.
कानाला हेडफोन, हातात वायरी,
लोकांची ओरडून सांगितलेली बारशी, बदल्या, मयती
या भोकातून त्या भोकात.
गावं तिला नकाशावरून येत नाहीत, आकड्यांवरून येतात.
कात्रजचा बोगदा सुटला तशी ती सुरू झाली :
सातारा शून्य दोन एक सहा दोन,
कोल्हापूर शून्य दोन तीन एक,
बेळगाव, हुबळी,
प्रत्येक पाटी यायच्या आत तिचा आकडा हजर.
"आणि पुणं?" शलाकानं विचारलं.
"कुठलं? आधीचं की नंतरचं?"

हुबळीच्या लॉजवर एका पलंगावर तिघी.
पंखा खडखडत होता, तो बंद केला तर डास.
दिवा घालवल्यावर शलाका छताला म्हणाली,
"मी सुहृदचं घर सोडलंय. मार्चमध्येच."
बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत राहिला. खूप वेळ.
मग आई :
"लाइनवर आहेस ना?"
"आहे."
"मग झोप आता."
मला राग आला. एवढंच?
सकाळी बघते तर शलाका कधी नव्हे ती
आईचा हात उशाशी घेऊन घोरत होती.

मदुराईला देऊळ नंतर बघू, असं ठरलं
आणि ते राहिलंच.
आम्हाला जायचं होतं वळ्ळियम्मैकडे.
रात्रपाळीला लाइन मोकळी असली की
पलीकडून यायची ती, "पूना, पूना, मदुराई हियर."
तोडक्या इंग्रजीत दोघींनी एकमेकींच्या सासवा सहन केल्या,
माझा जन्म तिला आजोबांच्याही आधी कळला होता,
आणि चेहरा? कधीच नाही.

ती दारात उभी होती, ठेंगणी, गुडघ्याला पट्टा.
दोघी समोरासमोर बसल्या
आणि बोलणं येईना.
एकमेकींच्या पावलांकडे बघून हसत राहिल्या.
कॉफीवर साय धरली.
मी काही विचारायला तोंड उघडणार
तेवढ्यात ती उठली, आतल्या खोलीत गेली,
दार लोटलं.

आईचा मोबाइल वाजला.
"पूना?"
आईनं भिंतीकडे पाठ नाही, तोंड केलं,
डोळे मिटले,
पदर कानामागे खोचला, जिथे पूर्वी हेडफोनची पट्टी यायची.
"येस मदुराई. गो अहेड."

पन्नास मिनिटं.
मध्ये एक भिंत, तिच्यावर पालीचं कॅलेंडर हलत होतं,
म्हणजे कॅलेंडरमागे पाल.
आम्ही दोघींनी चारही कॉफ्या संपवल्या.

परतताना शेवटच्या टप्प्यात गाडी शलाकाकडे होती.
कात्रजचा घाट उतरताना खाली दिवे लागत गेले,
आंबेगाव, धनकवडी, त्यापलीकडे सगळं.
"केवढे कॉल थांबलेत," आई म्हणाली
आणि पुन्हा डोळा लागला तिचा.

स्वारगेटच्या अलीकडे शलाकानं गाडी कडेला घेतली.
"तुम्हाला सोडून मग मी—"
पुढचं तिला सुचलं नाही.
मागून एक बस हॉर्न देत देत गेली.
आईनं डोळे उघडले नाहीत.
"उजवीकडे घे. बिबवेवाडी.
आणि ती मोठी बॅग
लिफ्टमध्ये आधी घाल, नाहीतर
आपण तिघी मावल्यावर जागा उरायची नाही."