कानात सांगायची नावं

सरदार सुभानराव इंगवल्यांना
नावं लक्षात राहत नसत.
घोड्यांची राहत, बंदुकांची राहत,
खापरपणजोबांच्या लढायांची तर तिथीवार.
माणसांची तेवढी नाही.

म्हणून जीपमध्ये मी मागे बसायचो,
मांडीवर वही, तोंड त्यांच्या उजव्या कानाशी.
लाल साफा, हरविलास. म्हैस मेली.
ओट्यावर बादामी. मुलगी दतियाला दिली.
आणि सरकार हात जोडून म्हणत,
"क्यों हरविलास, भैंस का सुना, बुरा लगा."
हरविलासचा चेहरा असा उजळायचा
की म्हैस परत दावणीला आली असावी.

हात जोडणं त्यांना शिकावं लागलं.
बावन्न साली, लष्करातल्या कोठीत, आरशासमोर.
तळवे जुळायचे, मान वाकायची नाही.
बाईसाहेब पडद्याआडून हसल्या
तेव्हा त्यांनी तोड काढली:
मान तशीच, फक्त पापण्या खाली.
डबऱ्यापासून भितरवारपर्यंत
लोकांना तेवढंही पुरलं.

सात गावं इनामाची होती.
कायद्याच्या एका कागदानं गेली,
आणि पहिल्याच निवडणुकीत
मतपेटीतून घरी आली.
"वसुली तीच, चिटणीस," सरकार म्हणाले,
"आता दारात आपण जायचं, एवढंच."

माझं आडनाव टिपणीस.
पंचवीस वर्षं मी चिटणीस होतो.
माझं नाव त्यांच्या कानात सांगायला
जीपमध्ये आणखी एक माणूस लागला असता.

एकदा मी चुकलो.
कालव्याकाठच्या गावात, दुपारची वेळ,
एका बाईपुढे जीप थांबली. मी पुटपुटलो: नवरा रामसेवक.
"रामसेवक कहाँ है, दिखा नहीं?"
"सरकार, आज तेरवीं है."
माझ्या हातातली वही निसटली.
सरकार उतरले. मातीत बसले, चांगल्या अचकनीनिशी,
तिच्याकडचं गढूळ पाणी प्यायले,
तासभर एक शब्द बोलले नाहीत.
मी पहिल्यांदा त्यांची मान वाकलेली पाहिली.
त्या गावात विरोधकाला मतं पडली चार.

परतताना, सिंधचा पूल ओलांडल्यावर, म्हणाले,
"अशी चूक दर निवडणुकीला एकदा व्हायला हवी."
ते चेष्टेत म्हणाले की हिशेबात,
मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

सहाव्या खेपेला पडले.
पाडलं बादामीच्या धाकट्यानं,
तहसीलीसमोर पिंपळाखाली बसून
दोन-दोन रुपयांत लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या पोरानं.
त्याच्या कानाशी कोणी नव्हतं.
ज्याचा अर्ज लिहिला त्याचं नाव विसरायचं कसं?

निकालाच्या रात्री सरकारांनी
तिन्ही वह्या मागवून घेतल्या.
आठवड्यानं परत पाठवल्या, बरोबर गजकाचा डबा.
त्यानंतर फक्त थंडीतून दोनदा भेटलो.
मग ते गेले.

परवा बादामीच्या धाकट्याचा माणूस आला होता.
तिसऱ्यांदा निवडून आलाय, मोठी गाडी, मोठा मतदारसंघ.
"आपके पास कोई पुरानी कॉपियाँ हैं?
साहेबांना हल्ली नावं आठवत नाहीत."
मी म्हटलं, वाळवी लागली.

वाळवी लागलेली नाही.
तो गेल्यावर ट्रंक उघडली.
तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर,
माझ्या अक्षरात नाही, थरथरत्या मोडीत, नोंद आहे:

टिपणीस केशव रघुनाथ. डबरा, साखर कारखान्यामागे.
बायकोला दमा. मुलगी मास्तरीण.
मतं तीन. भरवसा दोनाचा.

बरोबर आहे.
फक्त तिसरं कोणाचं,
हे त्यांच्या कानात कोणी सांगितलं?